दिवसा झोपणाऱ्या माणसाचं घर

अल्बम जवळजवळ झाला होता आणि माऊच्या अंगातलं त्राणही जवळजवळ संपलं होतं. वय त्रेचाळीस, कपाळावर एक पांढरी बट, तरी घरात ती माऊच. मांजरीसारखी पाय न वाजवता चालते म्हणून आईने लहानपणी ठेवलेलं नाव कायमचं चिकटलं. बाहेर ती गायिका होती, पण तसं सांगताना तिची जीभ जरा अडखळायची. तिची गाणी सिनेमात नव्हती, कुणाच्या लग्नातही वाजत नव्हती. स्वतःच लिहायची, स्वतःच चाल लावायची, गिटार घेऊन स्वतःच गायची, आणि मग ऐका हो म्हणत स्वतःच लोकांच्या मागे लागायचं, असा तिचा वीस वर्षांचा उद्योग. आठवड्यातले चार दिवस ती एका शाळेत गिटार शिकवायची. तीस मुलं एकाच वेळी तारा खाजवायची आणि तिथून बाहेर पडताना तिचं डोकं रिकाम्या डब्यासारखं वाजत असायचं. आधीचे तीन अल्बम आले तसे गेले. त्यांना कुणी वाईट म्हटलं नाही. वाईट म्हणायचं तरी आधी ऐकावं लागतं.

हा चौथा मात्र आतून आला होता. दोन वर्षांपूर्वी आई गेली, आणि तेव्हापासून लहानपण तिच्या डोक्यातून हलायला तयार नव्हतं.

ते लहानपण होतंही जगावेगळं. बाबा काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते. काचेची भट्टी कधी विझू देत नाहीत, विझली तर आतला रस गोठतो आणि भट्टीच कामातून जाते. तिच्यावर नजर ठेवायला रात्री जी माणसं लागत, त्यांतले एक बाबा. सलग नऊ वर्षं त्यांनी रात्रपाळी केली. सकाळी सातला घरी यायचे, आंघोळ करायचे, चार घास खायचे आणि आतल्या खोलीत जाऊन पडायचे. आणि मग दोन खोल्यांच्या त्या घरात दुपारी चारपर्यंत कुणी आवाज करायचा नाही.

आईने त्यासाठी काय काय केलं होतं! गळक्या नळाला चिंधी बांधली होती, म्हणजे थेंब टपटपत नसत, चिंधीवरून ओघळत खाली जात. दाराच्या कडीला लोकर गुंडाळली होती. बेलची तार काढून टाकली होती. कुकर चार वाजल्यानंतरच चढायचा. सोंगटीचा फासा घडी घातलेल्या टॉवेलवर टाकायचा, शिंक आली तर उशीत तोंड खुपसायचं. माऊ आणि तिची सहा वर्षांनी मोठी ताई, दोघींनी हातांची एक भाषाच तयार केली होती. दोन बोटं म्हणजे भूक, मूठ म्हणजे चल बाहेर, कानाची पाळी ओढली की आई आली. ओठ मिटून गुणगुणायला माऊ त्याच घरात शिकली. आईच्या तोंडी दिवसभर एकच शब्द असायचा, हळू. तेच अल्बमचं नाव ठेवलं होतं.

गाणीही तशीच होती, पुटपुटल्यासारखी. एक गाणं नळाच्या चिंधीवर, एक बोटांच्या भाषेवर. एक होतं ताईच्या हातावर. माऊ लहानपणी हसू लागली किंवा काही बोलायला गेली की ताई मागून येऊन तिच्या तोंडावर तळहात ठेवायची, आणि त्या हाताला साबणाचा वास यायचा. माऊला तो वास अजून आठवत होता. सगळ्या अल्बममध्ये तेच गाणं तिचं सर्वांत लाडकं. शेवटचं गाणं होतं ‘बाबा झोपलेत’.

रेकॉर्डिस्ट तिचा जुना सोबती. टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर त्याची खोली होती, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. शुक्रवारपर्यंत सगळं पक्कं करून द्यायचं, नाहीतर पुढे दोन महिने मला वेळ नाही, असं त्याने बजावलं होतं. शेवटचं गाणं तीन-चारदा ऐकून तो म्हणाला की याच्या सुरुवातीला काहीतरी खरं हवं. गिटार नको, घरातलं काहीतरी. माऊच्या मनात ते आधीपासूनच होतं. बाबांचा झोपेतला श्वास. अर्धा मिनिट पुरे. रेकॉर्डिस्टला कल्पना एकदम पटली. त्याने हातात मावणारं एक छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र तिला दिलं आणि कसं ठेवायचं तेही दाखवलं.

बाबा ताईकडे असायचे. आई गेल्यापासून तिनेच त्यांना ठेवून घेतलं होतं. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले, आणि इतकी वर्षं भट्टीच्या तोंडाशी काढल्यामुळे उजव्या डोळ्याने सगळं धुरकट दिसायचं. ताई सकाळी एका दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसून लोकांना नंबर द्यायची. दुपारी एकला धावतपळत घरी येऊन बाबांचं जेवण, औषधं, कपडे. माऊ पंधरा दिवसांतून एकदा फळं घेऊन जायची, तासभर बसायची आणि निघायची. बाबांना आपल्याकडे न्यायचा विषय निघाला की तिचं उत्तर ठरलेलं, माझ्याकडे दिवसभर वाजवणं चालतं, त्यांना झोप कशी मिळेल?

बुधवारी शाळा आटोपून ती दोनच्या सुमाराला पोचली. ताई मोरीत कपडे पिळत होती. माऊने येण्याचं कारण सांगितल्यावर तिने नुसती मान हलवली आणि बोटाने आतली खोली दाखवली. जुनी सवय, दुपारी ती अजूनही फारसं बोलत नसे.

बाबा उताणे पडले होते, हात छातीवर, डोळे मिटलेले. खिडकीला जाड पडदा. माऊने यंत्र उशीपाशी स्टुलावर ठेवलं, लाल दिवा लागला, आणि ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली. बाबांचा श्वास संथ चालला होता. ऐकता ऐकता तिचेच डोळे जड झाले. आठवडाभराचा शीण अंगात उतरला होता आणि त्या खोलीत तिला पाच वर्षांची असल्यासारखं वाटत होतं.

“माऊ, ते यंत्र चालू आहे का?” बाबा म्हणाले. डोळे तसेच मिटलेले.

ती दचकली. झोपमोड झाली का, असं तिने हळूच विचारलं. बाबा म्हणाले, झोपलो होतो कुठे. त्यांना बहुधा तिथेच थांबायचं होतं, पण माऊने उगाच, लाडात आल्यासारखं, गाण्याबद्दल सांगायला सुरुवात केली. की बाबा, त्या घरात तुम्ही कसे गाढ झोपायचात, आम्ही कशा टाचा उचलून चालायचो, त्याच्यावर गाणं केलंय. म्हणून तुमचा श्वास हवाय.

“मी झोपायचो नाही,” बाबा म्हणाले.

तिला वाटलं ते आजच्याबद्दल बोलताहेत.

“तेव्हाही नाही. डोळे मिटले की भट्टीच दिसायची, लालभडक. तासभर लागायचा डोळा, फार तर. बाकी नुसता पडून असायचो. कारखान्यातच कुठे कोपऱ्यात पेंगायचो, जोडीदार सांभाळून घ्यायचा.”

नऊ वर्षं, माऊने मनाशी म्हटलं. मग तिने विचारलं की हे आईला माहीत होतं का.

“तिला काय सांगणार? ती बिचारी नळाला चिंध्या बांधायची. उठून बसावं असं रोज वाटायचं. पण मी उठलो असतो तर तिला वाटलं असतं, तुम्ही पोरींनी आवाज केला. तुम्हाला बोलणी बसली असती. म्हणून पडून राहायचो चार वाजेपर्यंत.”

दारात ताई उभी होती. हातात पिळलेला टॉवेल, त्यातून पाणी गळत होतं आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

“बोलणी तर बसलीच, बाबा,” ती म्हणाली.

बाबांनी डोळे उघडले.

ताईने आवाज चढवला नाही. टॉवेलचं टोक बोटांभोवती गुंडाळत, जणू दवाखान्यात कुणाला नंबर सांगावा तसं तिने सांगितलं. माऊ पाच वर्षांची होती तेव्हा तिला डांग्या खोकला झाला होता. आई दुपारी कपडे शिवायच्या वर्कशॉपमध्ये कामाला जायची. जाताना ताईला सांगून जायची, हिचा आवाज होऊ देऊ नकोस, काल त्यांच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. ताई अकरा वर्षांची. त्या दुपारी माऊला उबळ आली, थांबेचना. ताईने तिच्या तोंडावर हात दाबला. नेहमी दाबायची तसाच, पण त्या दिवशी जरा जास्त वेळ. हात काढला तेव्हा माऊचे ओठ निळे पडले होते आणि मान एका बाजूला कलली होती. ताई तिला उचलून जिन्यात पळाली. जिन्यात वारा लागला, कुणास ठाऊक कशाने, माऊने एकदम श्वास घेतला.

“कुणालाही सांगितलं नाही मी,” ताई म्हणाली. “आईलाही नाही. रात्री उठून हिच्या नाकाशी बोट धरून बघायचे. आणि मनाला समजवायचे, जाऊ दे, निदान बाबा तरी झोपले.”

माऊला यातलं काही आठवत नव्हतं. तिला फक्त साबणाचा वास आठवत होता. ती जमिनीवर तशीच बसून राहिली. यंत्राचा लाल दिवा चालू होता, हात लांब करून तो बंद करायचंही तिला सुचलं नाही.

पडद्याकडे बघत बाबा म्हणाले, “मला माहीत होतं.”

ताईने मान वर केली.

“तू जिन्याकडे पळालीस ते ऐकलं. मी उठलो. दारापर्यंत आलो होतो. फटीतून बघितलं, तू पायरीवर बसली होतीस, ही मांडीवर, श्वास घेत होती. म्हणून परत जाऊन पडलो.”

“हाक का नाही मारलीत?”

“हाक मारली असती तर मी जागा आहे हे तुला कळलं असतं.”

यावर ताईने टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला, चपला घातल्या आणि ती बाहेर पडली. दार तिने लोटलंही नाही, ते उघडंच राहिलं.

माऊने यंत्र बंद केलं. बाबांना टेकून बसवलं. तीन वाजता त्यांची गोळी असते एवढं तिला ठाऊक होतं, पण कुठली आणि कुठे, ते ठाऊक नव्हतं. बाबांनाच विचारावं लागलं. त्यांना उठवताना तिने डावा हात धरला, तर तो खांदा दुखतो म्हणून ते कळवळले. चहात साखर घालायची नसते हे चहा झाल्यावर कळलं. दोन वर्षं आपण फळांची पिशवी घेऊन या घरात पाहुण्यासारखे येत होतो, हे तिला त्या तासाभरात पुरतं कळून चुकलं. बाबा एकदाच म्हणाले की ताईला शोधायला जाऊ नकोस, येईल.

ताई दीड तासाने आली. माऊ जिन्यातच तिची वाट बघत बसली होती. ताई दोन पायऱ्या खाली, कठड्याला टेकून बसली. कुठे गेली होतीस, असं माऊने विचारलं. बस थांब्यावर, ती म्हणाली. तीन बस सोडल्या. चढून जायचं कुठे, तेच सुचेना.

“रागावलीस बाबांवर?”

“या वयाच्या माणसावर रागावून काय करू? त्यांना आंघोळ मलाच घालायची आहे.” ताईने साडी सारखी केल्यासारखे हात गुडघ्यांवरून फिरवले. “तुझ्यावरही नाही. तुझं गाणं तू ऐकवलंस ना मला गेल्या महिन्यात, साबणाच्या वासाचं? मला वाटलं, हिला सगळं आठवतंय आणि माफ करून टाकलंय. घरी येऊन रडले मी. मग आज तुझ्या चेहऱ्यावरून कळलं, हिला काही पत्ताच नाही.”

माऊ म्हणाली की ते गाणं मी काढून टाकते.

खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवत होतं, तो आवाज थांबेपर्यंत ताई ऐकत राहिली. “राहू दे,” ती मग म्हणाली. “तुला तसंच आठवतंय ना? मग तसंच असू दे. दोघींपैकी एकीला तरी बरं आठवू दे.”

तेव्हा माऊ म्हणाली की बाबांना मी घेऊन जाते. झोपेचं कारण आता उरलंच नव्हतं. ताई हसली, थट्टेचं नव्हे, दमलेलं हसू. म्हणाली, तुझ्याकडे जागा कुठे, तुझी गिटारं, तुझी शाळा, चार दिवसांत हात टेकशील. माऊने विचारलं, “तू कंटाळली नाहीस का गं?”

“कंटाळले नाही. दमलेय,” ताई म्हणाली. आणि एवढं बोलून तिने डोकं कठड्याला टेकवलं आणि डोळे मिटले.

गुरुवारी माऊने यंत्र रेकॉर्डिस्टला परत नेऊन दिलं. आत जे आहे ते पुसून टाकायचं तिच्या मनात होतं, पण ते कसं करतात हे विचारेपर्यंत त्याने ऐकायला सुरुवातही केली होती. गादी ठोकलेल्या भिंतीला टेकून त्याने सगळं ऐकलं. दोनदा डोळे पुसले. मग म्हणाला, यात हात घालायची गरज नाही, हे असंच शेवटी लावू, बाकीची सात गाणी यापुढे पाणी भरतील. तुझ्या वीस वर्षांच्या मेहनतीचं हे फळ आहे. तो मनापासून बोलत होता, आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हे तिलाही कळत होतं. लोकांनी ऐकलं असतं. या खेपेला खरंच ऐकलं असतं. क्षणभर तिच्या डोळ्यांपुढे ते सगळं येऊन गेलं, भरलेले हॉल, मुलाखती, शाळेला रामराम.

ती म्हणाली, “नको. ते त्यांचं आपसातलं बोलणं आहे.”

त्याने समजावून पाहिलं. बहिणीला विचार तरी, म्हणाला. माऊ म्हणाली की विचारलं तर ती हो म्हणेल. आजवर ती सगळ्यालाच हो म्हणत आलीय. म्हणूनच विचारायचं नाही. मग त्याचा नाइलाज झाला. त्याने तिच्यासमोर ते पुसलं, जरा रागानेच, आणि शेवटचं गाणं गिटारनेच सुरू झालं.

बाबा रविवारी माऊकडे आले. गिटारं कपाटावर गेली, माऊचा पलंग बाबांना गेला, माऊ बाहेरच्या खोलीत जमिनीवर. पहिल्या आठवड्यात ताईचा दिवसातून सहा वेळा फोन. रक्तदाबाची गोळी निळी, पोटाची पांढरी. नखं कापताना चष्मा लाव. माऊचे हाल झाले. शाळेतून आल्यावर डोकं भणभणलेलं, त्यात बाबांना उठवा, बसवा, पुसा. एकदा ती त्यांच्यावर खेकसली आणि नंतर मोरीत जाऊन पाणी सोडून रडली. तिसऱ्या आठवड्यात हात बसला. चाली सुचायच्या बंद झाल्या होत्या, पण त्याचं तिला फारसं वाईट वाटत नव्हतं. वाटायलाही थोडी ताकद लागते.

त्या दिवसाबद्दल बाबा पुन्हा बोलले नाहीत. एकदाच, पाय चेपून घेताना म्हणाले, “मी तेव्हा बाहेर यायला हवं होतं.” माऊ म्हणाली, हो. खोटा धीर देणं तिला जमलं नाही, आणि बाबांनाही ते नको असावं.

‘हळू’ महिन्याभराने आला. एका पुस्तकांच्या दुकानामागच्या खोलीत संध्याकाळी पाच वाजता तिने तो गाऊन दाखवला. चाळीसेक माणसं होती. ताई मागच्या रांगेत बसली होती. साबणाच्या गाण्याला तिने मान खाली घातली आणि गाणं संपल्यावर बाकीच्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. पुढे आठ-पंधरा दिवसांनी एका साप्ताहिकात चार ओळी आल्या. इतकं शांत, निर्धास्त बालपण फार थोड्यांच्या नशिबी असतं, असं लिहिणाऱ्याने म्हटलं होतं. माऊ बाबांचं अंग पुसत होती, हात ओले होते, म्हणून तिने ते वाचून बाजूला ठेवलं. काय लिहिलंय, असं बाबांनी विचारलं. बरं लिहिलंय, ती म्हणाली.

तेवढ्यात ताईचा फोन आला. भावोजी लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, आणि लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी ताई कधी त्यांच्याबरोबर गेली नव्हती. आता बारा दिवसांच्या फेरीवर निघाली होती. इंजिनाच्या घरघरीतून ती ओरडून काहीतरी सांगत होती, पहाटेपासून नुसते डोंगरच डोंगर, आणि तुझे भावोजी गाडी चालवताना भसाड्या आवाजात गातात, हे मला माहीतच नव्हतं. गोळ्यांचं तिने विचारलं नाही. माऊने फोन कानापासून लांब धरला, बाबांच्या कानाला लावला, आणि दुसऱ्या हाताने त्यांची पाठ कोरडी करू लागली. चार वाजता शाळेत दुपारच्या वर्गाची मुलं यायची होती.